जुन्या बाजारातला रविवार : काय पाहावे, काय घ्यावे, काय सोडावे

पुण्यात जुन्या वस्तू पाहण्यात एखादा दिवस घालवायचा असेल, तर त्यासाठी काचेच्या कपाटांची दुकाने शोधत हिंडण्याची गरज नाही. मंगळवार पेठेत, कुंभारवाड्याच्या बाजूला, दर बुधवारी आणि रविवारी उघड्यावर जुना बाजार भरतो. ताडपत्रीवर आणि गोणपाटावर मांडलेल्या ढिगांत पाने-पकडी, मोटारींचे सुटे भाग, चार्जरच्या वायरी आणि वापरलेले बूट यांच्या शेजारीच एखादी समई, अडकित्ता, सरकारी शिक्का मारलेले शेराचे माप किंवा चावीचे घड्याळ पडलेले असते. दहा ढीग ओलांडावेत तेव्हा एखादी पाहण्याजोगी वस्तू हाती लागते, ही गोष्ट आधीच मान्य करून गेलेला माणूस दिवसभर रमतो. ज्याला ती ठाऊक नसते तो अर्ध्या तासात ‘सगळे भंगार आहे’ असे म्हणून परत फिरतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने आदल्या दिवशी शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून यावे, असा माझा आग्रह असतो. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, पानाचे डबे, स्वयंपाकघरातील उपकरणे अशा हजारो वस्तू जमवल्या, आपल्या अल्पवयात वारलेल्या मुलाच्या, राजाच्या नावे हे संग्रहालय उभारले आणि १९७५ मध्ये ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. तिथे सौंदर्य पाहायचेच, पण त्याबरोबर झीज पाहायची. अडकित्त्याची धार कुठे खाल्ली गेली आहे, लामणदिव्याच्या साखळीच्या कड्या एकमेकींना कुठे घासल्या आहेत, पळीची कड एकाच बाजूने का झिजली आहे, हे नीट पाहिले की दुसऱ्या दिवशी बाजारात डोळा आपोआप योग्य जागी जातो. जुन्या वस्तूची पारख करण्याचे मला कळलेले एकच सूत्र आहे: खरी झीज हात, धान्य, तेल किंवा आच जिथे लागते तिथेच असते आणि बनावट जुनेपण मात्र वस्तूच्या अंगभर सारखेच पसरलेले असते.

बाजाराला जाताना स्वतःची गाडी नेणे हा सर्वांत मोठा ताप आहे. वनाझ–रामवाडी मार्गावरील मंगळवार पेठ (आरटीओ) हे मेट्रो स्थानक सोयीचे पडते. उन्हाळ्यात सकाळ संपायच्या आत पहिली फेरी उरकावी, कारण एप्रिल-मे महिन्यांत पितळी भांड्याला दुपारी हात लावणेही नकोसे होते. पावसाळ्यात कागदी वस्तूंची आशा धरू नये. अंगावर साधे कपडे, पायांत बंद बूट, खांद्यावर जाड कापडी पिशवी आणि पोटात न्याहारी असावी. उपाशीपोटी केलेली घासाघीस नेहमी महागात पडते. खिशात सुटे पैसे ठेवावेत, कारण पाचशेची नोट काढून साठ रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. गर्दीत मोबाइल आणि पाकीट पुढच्या खिशात असावे, एवढे सांगणे पुरे.

पिशवीत चार वस्तू मात्र न चुकता असाव्यात: एक लहान लोहचुंबक, दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा छोटा काटा आणि एक ओले फडके. यांतील फडक्याला लोक हसतात, पण मला पहिला धडा त्याच्याच अभावी मिळाला. अनेक वर्षांपूर्वी ‘पेशवाईतला’ म्हणून एक काळाकुट्ट अडकित्ता मी विकत घेतला होता. घरी आणून धुतला तेव्हा तो काळेपणा साबणाच्या एका हातातच निघून गेला आणि दोन पात्यांच्या सांध्यात, अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू चकाकू लागला. तसल्या खाचेचे स्क्रू जगात १९३०च्या दशकात आले. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. जुन्या अडकित्त्याचा सांधा ठोकून बसवलेल्या रिबिटीचा असतो, हे मी आदल्याच महिन्यात संग्रहालयात पाहिले होते आणि तरीही बाजारात सांधा सोडून मुठीवरच्या नक्षीकडेच पाहत राहिलो होतो.

पहिली फेरी रिकाम्या हाताने मारावी. या फेरीत काहीही विकत घेऊ नये, कशाचीही किंमत विचारू नये, फक्त कोणाकडे काय आहे याची मनात नोंद करावी. याला एक अपवाद आहे: जे नेमके शोधायला निघालो होतो तेच समोर आले आणि दुसरा कोणी त्याकडे वळताना दिसला, तर हात पुढे करावा. म्हणूनच घरून निघताना एक विषय ठरवून घेणे फार उपयोगी पडते. आजचा दिवस दिव्यांचा, आजचा मापांचा, आजचा नाण्यांचा, असे ठरवले की नजर भिरभिरत नाही. मापांपासून सुरुवात करावी असे मी नवख्यांना सांगतो, कारण शेर, अधोली, पायली ही मापे अजून मिळतात, दोन अधोल्यांची पायली होते की नाही हे घरी तांदूळ घालून पडताळता येते आणि दशमान वजन-मापांचा कायदा १९५६ मध्ये झाल्यावर ही मापे व्यवहारातून गेली असल्यामुळे त्यांच्या वयाचा साधारण अंदाजही बांधता येतो. खऱ्या मापाची वरची कड आतून गुळगुळीत झालेली असते. वर्षानुवर्षे हाताने किंवा फळीने धान्य सपाट केल्याची ती खूण आहे.

तांब्या-पितळेची भांडी हा या बाजाराचा प्राण आहे, आणि फसगतही तिथेच सर्वाधिक होते. भांडे हातात घेतल्यावर प्रथम चुंबक लावावे. तो चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा नुसता मुलामा आहे. नंतर भांडे उजेडाकडे धरून आतून पाहावे. हाताने घडवलेल्या जुन्या हंड्याला, कळशीला किंवा घंगाळाला पुष्कळदा सांधा असतो: दोन पत्र्यांच्या कडांना दाते पाडून ते एकमेकांत अडकवतात आणि वरून झाळ, म्हणजे वितळलेल्या धातूचा जोड, देतात, त्यामुळे आतल्या बाजूला किंचित वेगळ्या रंगाची नागमोडी रेघ दिसते. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्याला अशी रेघ नसते. तांब्याच्या भांड्यावर ठोक्यांची चकचकीत खवले असतील, तर ती बोटाने चाचपावीत. कसबा पेठेतील तांबट आळीत आजही होणारे हे माठारकाम हातोडीने एकेक ठोका देत केलेले असते, म्हणून ओळी सरळ असल्या तरी दोन खवले तंतोतंत सारखी नसतात. यंत्राची खवले मात्र छापल्यासारखी एकसारखी येतात. समई घेताना तिचे सगळे भाग आटे उघडून सुटे करावेत आणि पुन्हा जोडून पाहावेत. हाताने पाडलेले आटे आपापल्या जोडीलाच नीट बसतात, त्यामुळे समई डगमगली तर ती दोन-तीन समयांची मिळून झालेली असण्याचा संभव असतो. बैठक उलटी करून पोकळीत लाख किंवा सिमेंट भरलेले नाही ना, तेही पाहावे, कारण समई वजनावर विकली जाते आणि सिमेंट पितळेपेक्षा फार स्वस्त आहे.

भांड्यांच्या बाबतीत माझी स्वतःची एक आवड आहे आणि ती व्यापाऱ्यांच्या नेमकी उलट आहे. आपल्याकडे लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात दिलेल्या भांड्यावर नाव घालण्याची पद्धत होती: देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, कधी गाव आणि नशीब असेल तर तारीख. शोभेची वस्तू म्हणून विकणारे लोक ही नावे घासून काढतात, कारण गिऱ्हाइकाला दिवाणखान्यात दुसऱ्याच्या आत्याबाईंचे नाव नको असते. मला मात्र नाव असलेलेच भांडे हवे असते. त्यात भावनेचा भाग आहेच, पण त्याहून मोठा भाग पुराव्याचा आहे. ठोक्याने एकेक टिंब पाडून घातलेली अक्षरे आणि पुढे आलेल्या विजेच्या यंत्राने सलग कोरलेली अक्षरे भिंगाखाली स्पष्ट वेगळी दिसतात. शके दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. शके १८५२ म्हणजे १९३० च्या आसपासचे लग्न. ‘चि. सौ. कां.’ अशी सुरुवात असेल तर ते भांडे माहेरून रुखवतात आलेले असण्याचा संभव असतो. नावाच्या अक्षरांच्या कडा बोचऱ्या नसून बोथट झाल्या असतील, तर भांडे नाव घातल्यानंतर बराच काळ घासले गेले आहे, म्हणजेच वापरात होते. विक्रेत्याच्या सांगण्यापेक्षा ही साक्ष कितीतरी भरवशाची आहे.

नाण्यांच्या ताटापाशी सर्वाधिक गर्दी असते आणि तिथे सर्वांत जास्त संयम लागतो. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ हे साल, एका बाजूला ‘अर्धा आणा’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आणि दुसऱ्या बाजूला राम-सीता किंवा हनुमान असलेली पितळी चकती दाखवून तिच्या दैवी शक्तीच्या गोष्टी सांगितल्या जातात. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही; ती अलीकडच्या काळात तयार केलेली चकती आहे आणि तिची किंमत तिच्या पितळेपुरतीच धरावी. शिवराई, म्हणजे मराठ्यांचे तांब्याचे नाणे, घ्यायची असेल तर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरे असतात, एवढ्यावर समाधान मानू नये. खरी शिवराई ठशाने ठोकलेली असते आणि पुष्कळदा ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे सगळी अक्षरे नाण्यावर मावत नाहीत. नाण्यावर प्रत्येक अक्षर मध्यभागी व्यवस्थित बसले असेल, पृष्ठभागावर ओतकामाचे बारीक खड्डे असतील आणि कडेने साच्याची रेघ फिरली असेल, तर नाणे परत ठेवावे.

चांदीच्या रुपयासाठी काटा उपयोगी पडतो. ब्रिटिश राजवटीतील रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असे. त्याहून लक्षणीय हलका किंवा जड रुपया घेऊ नये, झिजलेला रुपया थोडा हलका भरेल एवढेच. व्हिक्टोरिया राणीच्या सुरुवातीच्या रुपयांवर ‘क्वीन’ आणि १८७७ पासूनच्या रुपयांवर ‘एम्प्रेस’ असा शब्द येतो, तेव्हा शब्द आणि साल यांचा मेळ बसतो का, हे पाहिले तरी बरीच बनावट नाणी तिथल्या तिथे गळतात. १९४० पासूनच्या रुपयांत चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा आहे, म्हणून तो खरा असूनही चुंबकाला चिकटतो. मुलांना घेऊन गेला असाल तर त्यांना १९४३ ते १९४७ या काळातला भोकाचा पैसा घेऊन द्यावा. तो बनावट करण्यात कोणाला फारसा रस नसतो, आणि मधल्या भोकातून दोरा ओवता येतो म्हणून मुले तो जपतातही.

पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिसला की माणसाचे भान सुटते. उन्हात झळकणारा नवा पितळी कर्णा, वरून ठोकलेली कुत्र्याच्या चित्राची पट्टी आणि पॉलिश केलेली पेटी अशी नव्याने जुळवलेली यंत्रे सर्वत्र विकली जातात, आणि ती शोभेला ठीक असली तरी जुनी नसतात. पेटी उघडून आतली स्प्रिंग आणि चक्रे पाहू देत नसतील तर पुढे सरकावे. तबकड्या मात्र खुशाल चाळाव्यात. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची, जड आणि ठिसूळ असते, तेव्हा ती आडवी करून उजेडात तडा शोधावा. पिशवीत ती उभीच ठेवावी. चावीच्या घड्याळांत एचएमटीची घड्याळे पुष्कळ दिसतात, पण लाल-हिरव्या रंगांच्या झगझगीत तबकड्या नंतर रंगवलेल्या असतात. बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा मिळाला तर भिंगाच्या आत जाळ्यासारखी बुरशी नाही ना, तेवढे पाहावे.

कागदावरची चित्रे घेताना भिंगाशिवाय निर्णय घेऊच नये. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून आणि रविवर्मा छापखान्याने आधी मुंबईत व पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीत छापलेली शिळाछापाची देवदेवतांची चित्रे आजही जुन्या चौकटींत सापडतात. त्यांच्या नव्या नकला त्याहून कितीतरी जास्त सापडतात. भिंगाखाली रंगाचे ठिपके वेडेवाकडे, वाळूसारखे विखुरलेले दिसले तर चित्र शिळाछापाचे असू शकते. ठिपके ओळीत, लहान लहान फुलांसारखे जुळलेले दिसले तर ते आधुनिक छपाईचे आहे, मग वरची चौकट कितीही किडलेली असो. चौकट जुनी आणि चित्र नवे, हा फार सोपा उद्योग आहे.

आता भावाविषयी. आदल्या दिवशी कोणत्याही भांडेवाल्याकडे पितळेच्या आणि तांब्याच्या मोडीचा भाव विचारून ठेवावा. वस्तूचे वजन गुणिले मोडीचा भाव हा तुमचा तळ झाला. त्याखाली कोणी देणार नाही आणि देत असेल तर माल कुठून आला याची शंका घ्यावी. त्या तळाच्या वर कारागिरीसाठी, नावासाठी, आपल्या हौसेसाठी किती द्यायचे, ते मनाशी आधी ठरवावे आणि मगच तोंड उघडावे. सकाळची भवानी व्हायची असते तेव्हा विक्रेता थोडा ढिला असतो, हा अनुभव खरा आहे. मात्र भवानीच्या वेळी भाव करून माल न घेता निघून जाणे त्याला फार लागते, म्हणून घ्यायचे नक्की असेल तेव्हाच बोलावे. ‘दादा, याचे शेवटचे काय घ्याल?’ एवढे सरळ विचारले की काम होते. वस्तूला नावे ठेवून भाव पाडण्याची जी पद्धत आहे ती मला पटत नाही, आणि ती चालतही नाही, कारण समोरच्या मावशी शांतपणे म्हणतात, ‘एवढी वाईट आहे तर घेता कशाला, साहेब?’ वय विचारण्यातही अर्थ नाही. ‘शंभर वर्षांची आहे’ हे उत्तर ठरलेले आहे. त्यापेक्षा ‘कुठल्या गावाकडून आली?’ असे विचारावे. खरे ठाऊक असेल तर विक्रेता रंगून सांगतो, नसेल तर गप्प राहतो, आणि दोन्हींतून आपल्याला काहीतरी कळते.

काही वस्तूंना हातच लावू नये. हस्तिदंत, वाघाची नखे आणि वन्य प्राण्यांची कातडी यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, मग हस्तिदंती मूठ कितीही जुनी असो. दगडी किंवा धातूची पूजेतली मूर्ती देवळातून चोरीला गेलेली असू शकते. तलवार किंवा गुप्ती घेण्यापूर्वी शस्त्र कायद्याची माहिती घ्यावी. बिलाशिवाय विकला जाणारा मोबाइल हा तर जुन्या वस्तूंचा विषयच नव्हे. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि ऐतिहासिक महत्त्वाची पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते पुरावशेषांत मोडतात आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या मुलीच्या दिवाणखान्यासाठी समई शोधणाऱ्या पुणेकर आई-वडिलांनी हे विमानतळावर कळण्याआधी जाणून घेतलेले बरे. मोडी लिपीतला कागदांचा गठ्ठा रद्दीच्या भावात दिसला, तर तो विस्कटू न देता एकत्र घ्यावा आणि सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवावा. १९१० पासून ही संस्था अशाच कागदांवर उभी आहे, आणि एक जमाखर्चाचा कागद वेगळा काढला तर उरलेल्या गठ्ठ्याचा अर्थ लागत नाही.

दुपारी सावलीला बसून घेतलेल्या वस्तूंची वहीत नोंद करावी: तारीख, दिलेली रक्कम, विक्रेत्याने सांगितलेले गाव आणि आपल्याला दिसलेल्या खुणा. घरी आल्यावर नाण्यांना चिंच, लिंबू, पितांबरी यांपैकी काहीही लावू नये. घासलेल्या नाण्याची संग्राहकांच्या लेखी किंमत पडते. भांडी मात्र वापरायला घेतलेली असतील तर कल्हई लागतेच, कारण ताक, चिंच, टोमॅटो असे आंबट पदार्थ नुसत्या पितळेत कळकतात. बाजारातून तांबट आळी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तेव्हा गळके घंगाळ किंवा चेपलेली कळशी त्याच फेरीत तिथे झाळायला आणि ठोकायला देता येते. देताना कारागिराला बजावून सांगावे की आतून हवे ते करा, बाहेरून यंत्रावर पॉलिश करू नका. नाहीतर तो आपल्याला खूश करण्यासाठी भांडे आरशासारखे चकचकीत करून देतो आणि काठावरचे नाव त्यात पुसून जाते.